पाकीटवाल्यांसाठी मी जाळलेल्या मिरच्या

एका मसाला कंपनीची आजवरची सर्वांत यशस्वी जाहिरात मी केली आहे. त्या कंपनीत मी कधीही नोकरीला नव्हतो. (कंपनीचं नाव इथे लिहिणार नाही. त्यांचं फुकट काम एकदा करून झालं, तेवढं आयुष्याला पुरे!)

नोकरी मी जासईला करतो, कंटेनरच्या एका यार्डात. कुणाचा डबा कुठल्या रांगेत ठेवलाय, तो कधी आणि कुणाच्या ताब्यात द्यायचा, याची नोंद ठेवणं हे माझं काम. थोडक्यात, एकाचा माल दुसऱ्याच्या हातात जाऊ नये म्हणून मला पगार मिळतो. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे मला त्याची फार लाज वाटणार आहे.

पनवेलला आमच्या घराच्या पुढच्या खोलीत आईचा डंक आहे. डंक म्हणजे मसाला कुटायचं यंत्र. लोखंडी मुसळं धाडधाड खाली येतात, खाली उखळात मिरची, आणि घरातली माणसं वर्षाचे तीन महिने हातवारे करून बोलतात. माझं लग्न ठरलं तेव्हा वैशालीला बघायला आलोय की खुणा शिकवायला, असं तिच्या साताऱ्याच्या मामांना वाटलं होतं.

आईचा एकच नियम. एका घरचा मसाला दुसऱ्या घरच्या मसाल्यात जाता कामा नये, चिमूटभरसुद्धा नाही. बायका मिरच्या उन्हात वाळवून, देठं काढून, गाठोडं बांधून आणतात. आपली पाळी येईपर्यंत ते आईकडे ठेवून जातात, आणि पाळीच्या दिवशी येऊन यंत्राशेजारी पाट टाकून बसतात. गाठोड्यावर नाव नसतं. प्रत्येकीचं फडकं तिच्याच जुन्या साडीचं, आणि आई फडकं बघून घर ओळखते.

आणि ती घर नुसतं ओळखत नाही, वाचते! एकीच्या गाठोड्यात लवंगी कमी झाली तर म्हणते, "सासऱ्याचं पोट बिघरलंय वाटतं." दुसरीकडे खोबरं वाढलं की, "घाटावरची सून आली गो हिच्याकडं." पण हे सगळं फक्त आमच्या घरात. एकीचं प्रमाण दुसरीला तिने आजवर सांगितलेलं नाही.

असा हा डंक गेल्या दोन वर्षांत मुका होत चालला होता. बायका पाकिटं घेऊ लागल्या होत्या. वर सांगितलेल्या (म्हणजे न सांगितलेल्या) कंपनीची पाकिटं दुकानादुकानांत तोरणासारखी लटकत होती. एप्रिल अर्धा सरला तरी आमच्या फळीवर सातच गाठोडी होती. आईने यंत्रावरची धूळ पुसली आणि म्हणाली, "औंदाचा मोसम बगते. बायका नाय आल्या तर काढून टाकू ह्याला. तुमाला खोली तरी मिलंल."

तिने हे अगदी शांतपणे सांगितलं. ती चिडली असती तर मला बरं वाटलं असतं.

आता माझ्यासारख्या माणसाने काय करावं? गप्प बसावं! पण मी मोबाइलवर मार्केटिंगचे व्हिडिओ बघितले. त्यातला एक सुटाबुटातला माणूस सांगत होता की मोठ्या कंपनीशी पैशाने लढू नका. खर्च तिला करू द्या, गर्दी तिला जमवू द्या, आणि ऐन वेळी त्या गर्दीची नजर आपल्याकडे वळवा. म्हणे कुठल्याशा स्पर्धेत प्रायोजक एक होता आणि प्रेक्षकांच्या डोक्यावर टोप्या मात्र दुसऱ्याच कंपनीच्या होत्या! मी तो व्हिडिओ चार वेळा बघितला. वैशालीने एकदाच बघितला आणि विचारलं, "टोप्या आणणार आहात का?"

टोप्या नाहीत. सुरुवात मी साधी केली. कंपनीच्या मोठ्या फलकाखाली आमचा हातभर फलक बांधून आलो: 'ताजा मसाला हवा? पुढच्या गल्लीत या.' दुसऱ्या दिवशी बघतो तर कुणा भाऊंचा वाढदिवस! गॉगल लावलेल्या भाऊंनी आणि त्यांच्या चाळीस शुभेच्छुकांनी कंपनीला आणि मला एकाच दोरीने झाकून टाकलं होतं. पनवेलमध्ये जाहिरातीच्या क्षेत्रात खरा प्रतिस्पर्धी कोण, हे मला तेव्हा कळायला हवं होतं.

मग बातमी आली की कंपनी आमच्या जवळच्याच एका गावातल्या क्रिकेट स्पर्धेची प्रायोजक झाली आहे. आमच्या भागात क्रिकेट स्पर्धा म्हणजे जत्राच. मंडप, समालोचक, मोबाइलवर थेट प्रक्षेपण, बक्षिसाला मोटरसायकल आणि पंचक्रोशीतली माणसं. कंपनीने मंडपाशेजारी मसाल्याचं दुमजली पाकीट हवा भरून उभं केलं होतं. त्या मैदानाच्या खाडीकडच्या बाजूला माझ्या चुलतभावाचा मोकळा प्लॉट होता, आणि ते बघून माझ्या डोक्यात वीज चमकली.

"वैशाली, पाकिटाला काय नसतं?"

"देठं."

"वास! पाकीट बंद असतं. आपण त्या प्लॉटवर मसाला भाजायचा. धने, लवंग, दालचिनी, खसखस! जेवणाच्या वेळेला वास मैदानभर जाईल. लोक पाकिटाकडे पाठ फिरवून आपल्याकडे चालत येतील. मंडप त्यांचा, गर्दी त्यांची आणि नाकं आपली!"

वैशाली म्हणाली, "आईंना विचारा."

आईला विचारायचं नव्हतं. तिला चकित करायचं होतं. (ते मात्र जमलं.)

अंतिम सामन्याच्या दिवशी आई सकाळीच एका लग्नाला निघाली. निघताना तिने नेहमीप्रमाणे अंगणात उभं राहून आभाळाकडे बघितलं. तिचं माहेर मिठागरावरचं. मिठागरातली माणसं वाऱ्यावर जगतात, त्यामुळे इतर लोक घड्याळ बघतात तशी ती वारा बघते. म्हणाली, "आज वारा बाराच्या सुमाराला वलनार, खाडीकडून येल. पापड लवकर काढा गो." हे मी पंचेचाळीस वर्षं रोज ऐकतोय. त्यामुळे ते मी ऐकलं नाही.

आई गेल्यावर मी फळीसमोर उभा राहिलो. सहा गाठोडी परक्या फडक्यांची होती, त्यांना हात लावण्याइतका मी मूर्ख नव्हतो. सातवं सर्वांत वरच्या फळीवर होतं आणि त्याचं फडकं हिरव्या चौकटीचं. आईची हिरव्या चौकटीची साडी मला पाठ होती, कारण विरेपर्यंत ती एक दिवसाआड तीच नेसायची. म्हणजे गाठोडं आमचं! मी ते काढलं, घरातले धने-मसाले घेतले, कढई घेतली, गॅस घेतला, 'आईचा डंक, पनवेल' असा फलक दोन बांबूंना बांधून घेतला आणि वैशालीला घेऊन निघालो.

अकरा वाजता आम्ही प्लॉटवर भाजायला बसलो. धने भाजले. लवंग भाजली. खसखस भाजली. असा वास सुटला की माझ्याच तोंडाला पाणी आलं. मैदानावर एकही मान वळली नाही.

"वारा तिकडून इकडे येतोय," वैशाली म्हणाली. "आपला वास खाडीत चाललाय."

ते खरं होतं. अर्ध्या तासात आमच्याकडे आकर्षित झालेला ग्राहकवर्ग म्हणजे दोन म्हशी. मैदानावर समालोचक दर चेंडूला कंपनीचं नाव घेत होता, चौकार मारला की कंपनी आणि झेल सुटला तरी कंपनी! माझं डोकं तापलं. मी गॅस मोठा केला.

"जरा बेताने," वैशाली म्हणाली.

"बेताने वागूनच आपली माणसं मागे राहिली!" असं म्हणून मी हिरव्या चौकटीचं गाठोडं सोडलं आणि त्यातल्या सगळ्या मिरच्या तापलेल्या कढईत ओतल्या. सगळ्या! बेडगी होती, संकेश्वरी होती आणि लवंगी तर अशी, की तिच्याकडे नुसतं बघितलं तरी डोळे चुरचुरावेत. मिरच्या तडतडल्या, काळ्या पडल्या आणि त्यातून जाड धुराचा लोट वर चढला.

तो लोट सरळ वर गेला, क्षणभर थांबला, आणि मग सावकाश मैदानाकडे वळला. मी घड्याळात बघितलं तर बाराला पाच कमी होती. आईची वेळ पाच मिनिटांनी चुकली, एवढीच त्या दिवशी मला तिच्यात काढता आलेली खोट.

पहिला बळी सीमारेषेवरचा खेळाडू. त्याच्याकडे झेल आला तेव्हा तो दोन्ही हातांनी डोळे चोळत होता. मग गोलंदाज धावत आला, मध्येच थांबला, खोकला, पुन्हा मागे गेला, पुन्हा धावत आला आणि शिंकला. चेंडू थेट मंडपात गेला! पंचांनी डोळे पुसायला दोन्ही हात वर नेले, गुणलेखकाने षटकार लिहिला, आणि ज्यांच्या विरुद्ध तो लिहिला ते भांडायला धावले, पण भांडायला तोंड उघडलं की ठसका! मंडपात प्रमुख पाहुणे उपरण्यात तोंड खुपसून बसले. चार हजार माणसं एका सुरात खोकत होती, आणि ते सगळं थेट प्रक्षेपणात चाललं होतं.

"पाणी ओता!" वैशाली ओरडली.

मी ओतलं. तापल्या कढईत पाणी ओतल्यावर काय होतं ते मला माहीत नव्हतं. आता त्या गावातल्या सगळ्यांना माहीत आहे. धूर दुप्पट झाला.

इथवर ठीक होतं. बदनामी झाली असती, पण निदान आमच्या नावाने झाली असती! आमचा फलक होता ना तिथे. पण धुरात तो कुणाला दिसणार? लोकांना दिसत होतं फक्त मंडपाशेजारी उभं असलेलं ते दुमजली पाकीट, धुरात डोलणारं. आणि समालोचक हा हाडाचा कलाकार निघाला. डोळ्यांतून पाणी वाहत असताना तो माइकवर म्हणाला, "बघा मंडळी... खॉक्... बघा आपल्या प्रायोजकांची कमाल! पाकीट अजून... खॉक्... फोडलं पन नाय, आनि अख्खं मैदान रडतंय! याला बोलतात मसाला!"

टाळ्या पडल्या! खोकत खोकत लोकांनी टाळ्या वाजवल्या. सामना वीस मिनिटांनी पुन्हा सुरू झाला तेव्हा कंपनीच्या स्टॉलवर रांग लागली होती. संध्याकाळपर्यंत तो व्हिडिओ पनवेलपासून उरणपर्यंत प्रत्येक मोबाइलवर पोचला. दुसऱ्यांच्या गर्दीची नजर चोरायला गेलो होतो, आणि माझ्याच खर्चाने माझ्या घरची मिरची जाळून ती नजर त्यांच्या पाकिटाला चिकटवून आलो.

माझ्या घरची? ते आई लग्नाहून परतल्यावर कळलं.

तिने व्हिडिओ पंगतीतच बघितला होता. शेवटच्या दोन सेकंदांत धूर जरा विरतो आणि मागे झारा घेतलेला एक माणूस दिसतो, तो तिने ओळखला. ती आली, चपला काढल्या आणि सरळ फळीकडे गेली.

"वरचं गाठोडं कुटं हाय?"

"आपलंच होतं ना? तुझ्याच साडीचं फडकं..."

आई खाली बसली. "दोन साड्या घेतल्या होत्या मी. एक मना, एक हिराला. तिचा नवरा गेला तवा दुखवट्याला नेलीवती."

हिरामावशी म्हणजे उरणजवळच्या मोरा बंदरातली हिराबाय, आईची जन्माची मैत्रीण. मिठागरातलं मीठ विकत घ्यायला हिराबायची आई यायची, तेव्हापासूनची. सख्ख्या बहिणी नाहीत म्हणून कुणाला सांगावं लागतं. तिच्या मिरच्या जाळल्या म्हणजे मी आईचाच एकुलता एक नियम कढईत घातला होता. आणि मी तोच माणूस, ज्याला जासईला एकाचा डबा दुसऱ्याला जाऊ नये म्हणून नोकरीवर ठेवलंय!

"आई, मी तशाच मिरच्या आणून ठेवतो. तिला कळणारपण नाही."

आईने माझ्याकडे बघितलं. माझ्याकडे शाळेतसुद्धा कुणी असं बघितलं नव्हतं. "तिला नाय कलनार. मना कललं ना?" एवढंच बोलून ती उठली.

दुसऱ्या दिवशी आम्ही मोऱ्याला गेलो. बसमध्ये आई खिडकीबाहेर बघत होती आणि मांडीवर ते हिरव्या चौकटीचं रिकामं फडकं घडी घालून ठेवलेलं होतं. मला वाटलं, डंक गेला. बायका गाठोडी ठेवून जातात त्या आईच्या शब्दावर, आणि हिरामावशीने जेट्टीवर नुसतं एकदा म्हटलं असतं की कमळच्या, म्हणजे आईच्या, घरी मिरची राहत नाही, तर उरलेली सहा गाठोडीही परत गेली असती. पण खरं सांगतो, त्या बसमध्ये मला डंकाची काळजी कमी वाटत होती. सत्तरीची माझी आई माझ्यामुळे मान खाली घालून कुणाच्या दारात जाणार होती, ते सहन होत नव्हतं.

हिरामावशी ओट्यावर सुकवलेल्या कोळंबीचे सोडे निवडत बसली होती. आईने बसायच्या आधीच सांगून टाकलं. "हिरा, तुजी मिरची गेली. माज्या पोरानं जालली."

"सगली?"

"सगली."

हिरामावशीचे हात थांबले. ती रडेल, नाहीतर मला शिव्या देईल, अशी मी तयारी ठेवली होती. तिने आईच्या हातातलं फडकं घेऊन उलगडलं. मग म्हणाली, "म्हाताऱ्याचंच प्रमान होतं ते. लवंगी दुप्पट. आता मी एकली. दोन वरसं झाली, कालवनात पानी ओतून ओतून खातंय. पन कमी कराला हात होत नवता."

आईला ते माहीत होतं. दोन वर्षं ते गाठोडं तसंच तिखट येत होतं आणि ती ते वाचून गप्प राहत होती.

मग हिरामावशी माझ्याकडे वळली. "कसा काय जालला रं? मना नीट सांग."

तोंडाने सांगायची हिंमत होईना. मी मोबाइल काढून तो व्हिडिओ तिच्यासमोर धरला. तिने गोलंदाजाचं शिंकणं बघितलं, पंचांचे वर गेलेले हात बघितले, उपरण्यात घुसलेले प्रमुख पाहुणे बघितले. पहिल्यांदा तिचे खांदे हलले. मला वाटलं, झालं, रडते आहे. पण ती हसत होती! पदर तोंडावर धरून, डोळ्यांतून पाणी काढत हसत होती.

"कमल, बग गो बग! म्हातारा काय बोलायचा आठवतं? शेजारचा नाय खोकला तर तो मसाला कसला! आनि आता बग, अख्खं मैदान खोकतंय त्याच्या मिरचीनं!"

तिने तो व्हिडिओ तीनदा लावायला सांगितला. तिसऱ्यांदा ती हसता हसता रडायला लागली आणि आईने तिच्या पाठीवर हात ठेवला. मी ओट्याच्या कडेला बसून सोडे निवडायला लागलो, कारण मला दुसरं काय करावं ते कळेना.

निघताना हिरामावशीने ते फडकं आईच्या हातात परत दिलं. "नवीन मिरची मी धाडते. औंदा लवंगी निम्मी घाल." मग माझ्याकडे बोट करून म्हणाली, "पन एक सांगते, ह्याला माज्या मसाल्याजवल फिरकू द्याचा नाय!"

परतीच्या बसमध्ये आई माझ्याशी बोलली. "भूक लागली का रं?" एवढंच. पण मी खिडकीकडे तोंड फिरवून डोळे पुसले. (मिरचीचा परिणाम तीन दिवस राहतो, असं म्हणतात.)

त्यानंतर जे झालं त्यात माझी कसलीही योजना नाही. हिरामावशीने ती गोष्ट मोऱ्याच्या जेट्टीवर सांगितली. जेट्टीवरून ती मासळीबाजारात गेली, तिथून उरणला, उरणहून जासईला. (माझ्या यार्डात ती माझ्या आधी पोचली!) मे उजाडला आणि बायका यायला लागल्या. जुन्या आल्या, पाकिटं घेणाऱ्या आल्या, आईने कधी न बघितलेल्या आल्या. कमळबाईने पोराची चूक लपवली नाही, मोऱ्यापर्यंत जाऊन सांगितली, हे त्यांना ठाऊक होतं. फळी भरली, मग खाट भरली, मग माझं कपाट रिकामं करावं लागलं. व्हिडिओतला सुटाबुटातला माणूस नजर कशी चोरायची ते सांगत होता. नजर वळल्यावर तिला आपल्याकडे काय दिसणार आहे, हे त्याने सांगितलं नव्हतं.

फक्त प्रत्येक बाई गाठोडं ठेवताना एकच विचारायची. "तुमचा पोरगा नाय ना हात लावत?" आई दिवसाला तीसदा सांगायची, "नाय गो, नाय लावत." शेवटी तिचा घसा बसला. डंकाच्या आवाजात ओरडून ओरडून माझी अब्रू सांगणं सोपं नाही. एका रविवारी तिने मला बोलावून सांगितलं, "तू किती वरसं बोलतोस ना, पाटी लाव म्हनून? जा, करून आन."

मी वीस वर्षं ज्या पाटीसाठी मागे लागलो होतो, ती पाटी! पळतच पेंटरकडे गेलो आणि आईने लिहून दिलेला कागद त्याच्यापुढे ठेवला. त्याने तो मोठ्याने वाचला: 'आमच्याकडे दिनेश मसाल्याला हात लावत नाही.'

आज ती पाटी दारावर आहे. लोक थांबून तिचे फोटो काढतात आणि फोटो बघून आणखी लोक येतात. पेंटरने मात्र त्या दिवशी ब्रश रंगात बुडवता बुडवता विचारलं होतं, "हा दिनेश कोण हो?"

मी म्हणालो, "त्यांचा मार्केटिंग मॅनेजर."